नाव नको, नंबर नको

यंदा येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, होऊन महिना-सव्वा महिना झाला आणि उमरग्यात आमच्या गल्लीतून कडब्याच्या गाड्या जायला लागल्या. ट्रॉलीत पेंढ्या इतक्या उंच रचलेल्या असतात की वळणावर त्या घरांच्या पत्र्यांना घासतात. मग दिवसभर रस्त्यावर ज्वारीची वाळकी पानं लोळत राहतात. सकाळी अंगण झाडताना ती केरसुणीत अडकली की मी वाकून एखादं उचलते, चुरगाळते आणि वास घेते. गोडसर, थोडा धुळकट, उन्हात तापलेल्या गोणपाटासारखा वास. माझी अख्खी नोकरी हायवेच्या डिझेलच्या वासात गेली, पण मागचं काही आठवायचं झालं तर ते या वासातूनच आठवतं. सुग्या पुष्कळ पाहिल्या. मनात राहिलेली मात्र एकच, चार वर्षांपूर्वीची.

आमच्याकडं रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. दोन्ही हातांनी धाट धरायचं, कंबरेतून जोर द्यायचा आणि मुळासकट वर ओढायचं. बायका ओळीनं पुढं सरकतात, त्यांच्या मागं आडव्या ज्वारीचे पट्टे पडत जातात. दुपारी बांधावर भाकरी सोडली की कुणाच्या फडक्यात ठेचा, कुणाच्या फडक्यात अंबाडीची भाजी, आणि शेजारच्या वावरातून उपटून आणलेले ढाळे. हरभऱ्याच्या त्या हिरव्या घाट्यांची आंब बोटांना लागते आणि हातावरच्या फोडांना झोंबते. सुगी आली हे मला पंचांगापेक्षा या हातांवरून कळायचं. केंद्रात रक्त तपासायला बाईनं हात पुढं केला की तळव्यावर फोड दिसायचे, नखांत माती असायची.

"लागली का उपटणी?" मी विचारायचे.

"कवाच लागली. आजचा दिस मोडून आलेय ताई, लवकर सोडा."

केंद्र म्हणजे हायवेपासून दोन गल्ल्या आत असलेल्या दोन खोल्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक थांबतात, ट्रकबरोबर माणसं थांबतात, आणि त्यातल्या काहींच्या घरांत एचआयव्ही येतो. तो ज्या बायकांच्या वाट्याला आला त्यांच्याशी बोलणं हे माझं काम होतं. समुपदेशक असा हुद्दा कागदावर होता, पण बोलण्यापेक्षा ऐकण्यातच दिवस जायचा. इथं ज्यांच्याविषयी लिहितेय त्यांची नावं मी बदलली आहेत आणि त्यांच्या गावांची नावं लिहिणार नाही. एकदा ती चूक माझ्या हातून झाली आहे.

या आजारात गोळी रोज घ्यावी लागते, ठरल्या वेळी, न चुकता. चुकत गेली की आजार डोकं वर काढतो. आणि सुगीच्या दिवसांत सगळ्यात जास्त चुकतात त्या गोळ्याच. बाई पहाटे रानात जाते, दिवस मावळता घरी येते, चुलीपुढं बसते आणि तिथंच पेंगते. म्हणून मी अकरा जणींचा एक गट केला. सगळ्यांच्या फोनात असतं त्याच ॲपवर. गटाला नाव दिलं 'सुगरण', वर वांग्याच्या भाजीचं चित्र लावलं. कुणी पाहिलं तर वाटावं, बायका भाज्या शिकतायत. रोज संध्याकाळी आठ वाजता मी एक फूल पाठवायची. ज्यांनी गोळी घेतली त्यांनी अंगठा दाखवायचा. अकरा अंगठे पडले की मी निवांत जेवायची. माझ्या हुशारीवर मी खूश होते. केंद्रात आलेल्या साहेबांनाही मी तो गट कौतुकानं दाखवला होता.

त्या गटात मीरा होती. तिशीतली, नवरा गेलेला, सासरीच राहणारी. तिच्या आजाराचं घरात फक्त सासूला माहीत होतं. तिच्या दिराच्या फोनात त्याच कंपनीचं दुसरं एक ॲप होतं, लोकांचे चेहरे दाखवणारं. एक दिवस त्या ॲपनं त्याला पाच-सहा बायका दाखवल्या आणि खाली लिहिलं, तुम्ही यांना ओळखत असाल. तो एकीलाही ओळखत नव्हता. पण त्यातली एक बाई त्यानं भावजयीच्या फोनात पाहिली होती. त्यानं मीराचा फोन काढून घेतला, गट उघडला. वांग्याच्या भाजीच्या खाली एकही भाजी नव्हती. रोज आठ वाजता एक फूल आणि अकरा अंगठे. मग कधीतरी कुणीतरी लिहिलेलं, "आज गोळीनं मळमळतंय." आणि त्याखाली प्रत्येकीचा नंबर, प्रत्येकीचा फोटो.

दीर मूर्ख नव्हता. चार दिवसांत मीराला माहेरी धाडली. आणि त्या फोटोंमध्ये एक फोटो असा होता की ज्यात बाईच्या मागं पिठाच्या गिरणीची पाटी स्वच्छ वाचता येत होती. दिराच्या तोंडून ते त्या गावभर झालं.

ती चंद्रकला. तिचा नवरा ट्रकवर होता. तो गेला तेव्हा तिच्या पदरात दोन मुली आणि हा आजार होता. नवऱ्याच्या मागं तिनं गिरणी टाकली, दगड झिजला की त्याला टाकी लावायला स्वतः शिकली, पट्टा तुटला तर स्वतः जोडायची. पंचक्रोशीत तिच्या पिठाला नाव होतं. भाकरी पापुद्र्याची होते म्हणायचे लोक.

मला कळलं तेव्हा मी एसटी पकडून तिच्या गावी गेले. दुपारचे तीन वाजले होते. नवी ज्वारी घरात आलेली. या दिवसांत गिरणीपुढं डब्यांची रांग असते, बायका डबा ठेवून जातात आणि रांगेत माणसाऐवजी डबाच पुढं सरकतो. त्या दिवशी एकही डबा नव्हता. पट्टा काढून खुंटीला अडकवला होता. कोपऱ्यातल्या कोळिष्टकांवर पिठाचा थर तसाच होता, पण पिठाचा ताजा, गरम वास नव्हता. चंद्रकला पायरीवर बसली होती.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आठ. परवा एक म्हातारी आली. तिला कुनी सांगितलं नसंल. दळन टाकलं, तर तिची सून पळत आली आन् अर्धं पीठ तसंच घिऊन गेली. उकिरड्यावर टाकलं म्हने."

"चंद्रकला, तो गट मी केला होता."

"व्हय," ती म्हणाली. "तुमची चूक न्हाय म्हनू का? ते म्या म्हननार न्हाय ताई. तुमच्या मनात वाईट नव्हतं, ते मला ठावं हाय. पन हातात द्यायच्या आधी भांडं फुटकं हाय का ते बघायचं व्हतं."

परत येताना एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना उपटलेली रानं दिसत होती. जमिनीत हजारो लहान खड्डे, धाटं निघाली तिथं तिथं. मी घरी येऊन गट पुसून टाकला. त्यानं काय होणार होतं? उलट झालं असं की बायका फोनलाच भ्यायल्या. मी केलेला फोन कुणी उचलेना. ठरल्या तारखेला तिघी जणी गोळ्या न्यायला आल्याच नाहीत. केंद्रातल्या कपाटात त्यांच्या नावच्या डब्या तशाच होत्या आणि मी रोज सकाळी कपाट उघडून त्या मोजत होते, जणू मोजल्यानं त्या कमी होतील.

आमच्या घराला लागून बसवराज अण्णांचं घर आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीकडं झुकलेले, घरात कानडी आणि ओट्यावर मराठी बोलणारे. निवृत्तीनंतर लोक देवळात जाऊन बसतात, अण्णा जुन्या कम्प्युटरपुढं बसतात. त्या कम्प्युटरवर सगळं मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणाच्या मालकीचं नसलेलं. त्याची कोणीही चिरफाड करून बघावी, दुरुस्त करावं, वाटावं. खात्यातल्या एका जुन्या दोस्तानं त्यांना हे वेड लावलं होतं. मी ओट्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अण्णा, काही बायका आहेत. त्यांना एकमेकींशी बोलायचंय. कोण आहेत, कशासाठी, ते मला सांगता येणार नाही."

"इचारलंय कुनी?" अण्णा म्हणाले. "काय बिघडलं तेवढं सांगा."

मी नावं वगळून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चौतीस वर्षं एक्स्चेंजात काढली म्या. सुरवातीला तर वायरी हातानं जोडायचो. कान लावला असता तर अख्ख्या तालुक्याचं ऐकू आलं असतं. कुनाचं लगीन मोडलं, कुनाची जमीन इकली. म्या कान लावला न्हाय. लोक सुखरूप ऱ्हायले ते माझी नियत साफ व्हती म्हनून. पन ताई, माझ्या जागी दुसरा बसला असता तर? चांगल्या मानसाच्या भरवशावर कशाला ऱ्हायचं? बसनाऱ्याला ऐकूच येऊ नये, अशी सोय पायजे."

"पण ते ॲप तर म्हणतं की निरोप कुलूपबंद असतात."

"असतील. निरोप बंद असंल. पन कोन कुनाला निरोप देतंय, कितीदा देतंय, कुनाच्या फोनात कुनाचा नंबर हाय, ते उघडंच की. तुमच्या बायकांचे चेहरे त्या बाबाला नक्की कशातून दिसले, ते मला सांगता येनार न्हाय. कंपनीचं पोट बंद हाय. आत काय चाललंय ते बाहेरच्याला बघताच येत न्हाय, हीच तर गोम हाय."

त्यांनी मला एक ॲप दाखवलं. ते कुण्या एका कंपनीच्या कुलपात बंद नव्हतं. देशोदेशीचे लोक ते मिळून लिहीत होते, आणि त्याचं पोट उघडं होतं. ज्याला कळतं त्यानं आत शिरून बघावं. त्याला नाव लागत नव्हतं. फोन नंबरही लागत नव्हता. फोनातली नंबरांची यादी ते मागत नव्हतं. निरोप किती दिवसांनी विरून जावेत तेही आपण ठरवायचं. "नाव नको, नंबर नको," अण्णा दोन बोटं मिटत म्हणाले, "मग चोरी कशाची करनार?"

या वेळी मी घाई केली नाही. आठ दिवस मी आणि अण्णा दोघंच त्यावर बोललो, भिंतीच्या अलीकडून पलीकडं. अण्णा मला कानडी म्हणी पाठवायचे आणि मी अर्थ विचारायची. मी मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारले. फोन दुसऱ्याच्या हातात पडला तर? ॲपला वेगळं कुलूप घालता येतं. कुणी गटाचा फोटो काढून घेतला तर? "त्याला विलाज न्हाय," अण्णा सरळ म्हणाले. "आतली बाई फुटली तर कुठलंबी यंत्र काय करनार न्हाय." त्या एका उत्तरामुळं माझा त्यांच्यावर आणि त्या ॲपवर विश्वास बसला.

एकच अडचण होती. हे ॲप गटात येण्यासाठी नंबर मागत नसल्यामुळं बायकांना एकमेकींना शोधायचं कसं? सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे समोरासमोर भेटायचं. एकीच्या फोनवर ठिपक्यांचा चौकोन येतो, दुसरीनं आपला फोन त्याच्यापुढं धरायचा. केंद्रात एकत्र जमायला आता एकही धजत नव्हती. रानात अकरा गावच्या बायका एकत्र जमल्या तर गावभर होणार. मी पुन्हा चंद्रकलेकडं गेले. तिला आधी सगळं सांगितलं, भांडं फुटकं आहे का ते बघून आलेय असंही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली,

"माझ्या गिरनीत या."

"इथं?"

"हितं आता कोन येतंय? आख्ख्या गावात ह्याच्याइतकी एकांताची जागा न्हाय. येताना हरेकीनं पाच-पाच किलो ज्वारी आना म्हनावं. बाई गिरनीत कशाला आली, असं कुनी इचारत न्हाय."

तिच्या गावचा बाजाराचा दिवस ठरला. निम्मं गाव बाजारात, निम्मं रानात. मी एकेकीच्या घरी किंवा वावरात जाऊन निरोप दिला, जुन्या काळी देत तसा, तोंडी. दोघी जणींनी नको म्हटलं. बाकीच्या आल्या. एसटीतून, वडापच्या जीपमधून, एक जण तर चालत, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन. चंद्रकलेनं पट्टा चढवला. मोटर घरघरली, दगड फिरायला लागला आणि आठ दिवस मुक्या पडलेल्या, नव्हे, तोवर महिना होत आला होता, त्या खोलीत असा आवाज भरला की शेजारी उभ्या असलेल्या बाईचं बोलणं कळेना.

आणि तोच आमचा आडोसा झाला. जोडणी झाली की दोन्ही फोनांवर आकड्यांची एक लांब ओळ येते. एकीनं ती वाचायची, दुसरीनं आपल्या फोनवर पडताळायची. म्हणजे मधे तिसरं कुणी बसलेलं नाही याची खात्री होते. गिरणीच्या आवाजात बायका एकमेकींच्या कानाशी ओरडून आकडे सांगत होत्या. "पाच! दोन! शून्य! न्हाय बाई, शून्य!" शांताबाई पन्नाशीच्या, त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र एसटीच्या पाट्या आणि फोनमुळं पक्के. त्यांनी ओळ न चुकता वाचली आणि मग कंबरेवर हात ठेवून सगळ्यांकडं पाहिलं. पिठाचा धुरळा उडत होता. भुवयांवर, पदरांवर, फोनांच्या काचांवर पीठ. बायका बोटानं काच पुसायच्या आणि पुन्हा पिठाचंच बोट लावायच्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते.

मीरा सगळ्यात उशिरा आली. माहेर कर्नाटकाच्या हद्दीवर, दोन गाड्या बदलून यायचं. ती दारात आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. हातात पिशवी, नजर खाली. तिच्या फोनातून हे सगळं फुटलं होतं आणि ज्या गिरणीवर ते कोसळलं त्या गिरणीच्या दारात ती उभी होती. बायका वळून बघायला लागल्या. चंद्रकलेनं मान वर केली. दगडाखालून येणारं पीठ तिनं तळहातावर घेतलं, चिमटीत चोळून बघितलं, मग ओरडून म्हणाली,

"दळन घिऊन उनात कशाला हुबी ऱ्हायलीस? आन हिकडं. बारीक पायजे का जाडं?"

मीरा रडत होती. चंद्रकलेनं तिच्या हातून पिशवी घेतली आणि स्वतःच ठरवलं, "बारीकच करते."

ॲपमध्ये प्रत्येकीनं काहीतरी नाव घ्यायचं होतं. मला वाटलं होतं, देवांची घेतील. एकीनं 'करडई' घेतलं, "काटे हायेत म्हनून." मीरानं 'कारळं' घेतलं. चंद्रकला 'पट्टा' झाली. शांताबाईंनी मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "माझं लिवा, कलेक्टर."

आठवं दळण चालू असताना रस्त्यानं जाणारे एक आजोबा दारापाशी थबकले. आत वाकून बघत म्हणाले, "चंद्रकला, गिरनी चालू झाली व्हय?"

"गिरनी चालूच व्हती आजोबा," ती म्हणाली, "दळन बंद व्हतं."

आजोबा निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा आला. त्यांच्या मागून त्यांच्या भावकीतले दोन आले. मी असं लिहिणार नाही की सगळं गाव सुधारलं. काही घरं आजही चार कोस लांब दळायला जातात. पण त्या उन्हाळ्यात गिरणी पुन्हा रोज चालायला लागली, आणि चंद्रकलेनं कुणापुढं हात जोडले नाहीत.

त्या गटात पुढं जे बोललं गेलं ते मी इथं सांगणार नाही. मला ते सांगायचा हक्क नाही, आणि सांगायचं म्हटलं तरी ते निरोप कधीच विरून गेले आहेत. एवढंच सांगते की आठ वाजताचं फूल मी पाठवायचं बंद झालं. त्यांनी पाळी लावून घेतली. 'कलेक्टर'ला लिहिता येत नव्हतं, त्या बोलून निरोप धाडायच्या, खणखणीत, हुकूम सोडल्यासारखा: "आट वाजलेत. गिळा." मीराला माहेराहून येता येईना तेव्हा तिचं गोळ्यांचं कार्ड घेऊन 'करडई' केंद्रात रांगेला उभी राहिली. ज्या तिघी गोळ्या न्यायला येत नव्हत्या त्यातल्या दोघी परत आल्या. तिसरी आली नाही. पुढं एकदा ती मला एसटी स्टँडवर दिसली आणि तिनं तोंड फिरवलं. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढं येतो.

एकदा शांताबाईंचा फोन विहिरीत पडला. त्या माझ्याकडं आल्या, "कंपनीला सांगून माझं परत आना." मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "कसली कंपनी? किल्ली तुमच्यापाशीच व्हती. हरवली तर दुसरी कुनापाशी न्हाय." शांताबाई चिडल्या. पण मग नवा फोन आणि पाच किलो ज्वारी घेऊन पुन्हा गिरणीत गेल्या आणि पुन्हा आकडे वाचले.

त्या उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तिचा मला फार अभिमान आहे. ॲपमधलं मराठी अर्धवट होतं. काही बटणं इंग्रजीत, काहींचं मराठी असं की वाचून घाम फुटावा. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'सत्यापित करा'. चंद्रकलेनं मला विचारलं, "ही सत्यनारायनाची पूजा हाय का?" मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आपन बदलू की. हे आपलंबी हाय." दुपारच्या उन्हात त्यांच्या ओट्यावर पोती टाकून आम्ही बसायचो, आणि एकेका शब्दावर भांडायचो. 'सत्यापित करा'चं 'पडताळून पाहा' झालं. 'नाहीसे होणारे संदेश' असं एक होतं, ते मी 'विरणारे निरोप' केलं. अण्णांना 'निरोप' आवडला नाही, खात्यात नेहमी 'संदेश' म्हणायचे. शेवटी गिरणीत जाऊन विचारलं. चंद्रकला म्हणाली, "संदेश पेपरात येतो. मानसाला मानूस धाडतो तो निरोप." ठरलं. आम्ही ते सगळं भरून पाठवलं. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या कुणीतरी ते तपासलं, आणि दोन महिन्यांनी फोनातलं ॲप नवं झालं तेव्हा आमचे शब्द त्यात होते. पुण्यातल्या माणसानं ते उघडलं तरी त्याला गिरणीत पारखलेला शब्द दिसणार. अण्णांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. कशाचे, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या आषाढात मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, मन लावून ऐकते. मी गटात लिहिलं, "आता हिला घ्या." उत्तर आलं, "ती इथं येऊ दे. आमच्यात बसू दे. मग ठरवू." दोन महिने त्यांनी तिला पारखलं. मग घेतलं.

त्यानंतर चार दिवसांनी माझ्या फोनवर चंद्रकलेचा बोललेला निरोप आला. मी कणीक मळत होते, कोपरानंच फोन चालू केला.

"ताई, काल आमी सगळ्या बसलो व्हतो. असं ठरलं की गटात एक तर गोळी घेनारी असावी, न्हायतर केंद्रात काम करनारी. तुमी आता दोन्हीत न्हाय. तुमच्यावर कुनाचाच राग न्हाय. घरला कवाबी या, म्या भाकरी करून घालीन. पन गटातून तुमाला काढतो. ज्याला गरज न्हाय त्याला म्हाईत नसावं, हे तुमीच आमाला शिकीवलं."

मग तो गट माझ्या फोनातून गेला. मागचं काही राहिलं नाही. मी कणकेचे हात तसेच धरून ओट्यापाशी उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला लागलं. ज्या बायका माझा फोन उचलायला भीत होत्या, त्यांनी मला दार लावून घेतलं होतं, आणि ते लावताना आधी कारण सांगितलं होतं. मी परातीतली कणीक पुन्हा मळायला घेतली. मळता मळता डोळे भरले ते मात्र दुःखानं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मागच्या आठवड्यात एका लग्नात केंद्रात पूर्वी असलेले एक डॉक्टर भेटले. आता मोठ्या शहरात असतात. पंगतीला शेजारी बसले, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग आवाज खाली करून म्हणाले, "तुमच्या त्या बायका कशा आहेत आता? ती गिरणीवाली? त्यांचा तो गट चालू आहे का अजून?"

"मला माहीत नाही, डॉक्टर," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं. मीही तेच उत्तर पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं, आणि वाढपी समोर आला तेव्हा मान ताठ करून दोन जिलब्या जास्त मागून घेतल्या.